विनामूल्य सॉफ्टवेअर आणि सहा हजार डॉलरचा कागद

गेल्या महिन्यात मंडळाच्या मासिक बैठकीनंतर चहा चालू असताना आपल्या एका सभासदांच्या कन्येने एक गोष्ट सांगितली. ती एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात काम करते. तिच्या टेबलावर मंजुरीसाठी एक प्रस्ताव आला होता. एका सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी सहा हजार डॉलर, म्हणजे अंदाजे पाच लाख रुपये द्यायचे होते. तिने सवयीप्रमाणे चौकशी केली, तेव्हा कळले की ते सॉफ्टवेअर कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. नुसते विनामूल्य नव्हे, तर त्यावर कुणाचा मालकी हक्कच नाही. खुद्द कर्त्यांनीच तो सोडून दिला आहे.

"म्हणजे जे मफत मिळतं त्याचे पाच लाख?" एका ज्येष्ठांनी विचारले. बडोद्यात चार पिढ्या काढल्यावर फुकट हा शब्द आपल्या तोंडी मफत होऊनच येतो. सगळे हसले. आम्हीही हसलो. कंपन्यांकडे पैसा फार झाला आहे, असे मत दोघा-तिघांनी मांडले आणि विषय गणेशोत्सवाच्या वर्गणीकडे वळला.

घरी आल्यावर मात्र आम्हाला ते हसणे थोडे उथळ वाटू लागले. कारण तीस-पस्तीस वर्षे बँकेत बसून आम्ही जे काम केले, त्यातला बराचसा भाग असल्याच कागदांचा होता. वस्तू एक आणि तिचा कागद दुसरा, हे ज्यांनी आयुष्यभर ग्राहकांना समजावले, त्यांनी तरी त्या प्रस्तावाला हसायला नको होते. म्हणून या विषयाची माहिती घेतली. ती आपल्या मंडळाच्याही उपयोगाची आहे, असे आमचे मत झाले आहे. का, ते शेवटी येईलच.

ते सॉफ्टवेअर कोणते?

त्याचे नाव एसक्यूलाइट. नाव ऐकले नसेल, पण हा मजकूर आपण मोबाइलवर वाचत असाल तर ते या क्षणी आपल्या हातात आहे. माहिती नीट रचून ठेवणारे आणि मागितली की काढून देणारे ते एक छोटेसे सॉफ्टवेअर आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खातेवही आणि ती सांभाळणारा कारकून, दोन्ही एकातच. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये ते असते, आयफोनमध्ये असते, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये असते. व्हॉट्सॲपवरचे आपले निरोप फोनमध्ये साठवले जातात ते याच्याच वहीत. जगात अशा एक लाख कोटींहून अधिक वह्या वापरात असाव्यात, असा त्याच्या कर्त्यांचा अंदाज आहे.

याचे जनक डी. रिचर्ड हिप हे अमेरिकन गृहस्थ. २००० सालच्या सुमारास ते अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी, एका कंत्राटदार कंपनीतर्फे, सॉफ्टवेअर लिहीत होते. त्या सॉफ्टवेअरला माहिती पुरवणारा मोठा सर्व्हर बंद पडला की यांचे कामही अडायचे, आणि पडद्यावर चूक दिसायची ती यांच्या नावावर. तेव्हा सर्व्हरशिवाय, साध्या एका फाइलमध्ये चालेल अशी खातेवही आपणच का लिहू नये, असे त्यांच्या मनात आले. २००० च्या ऑगस्टमध्ये पहिली आवृत्ती बाहेर आली. पुढे त्यांनी तिच्यावरचा प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, सोडून दिला.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपण ज्याला ओपन सोर्स म्हणतो, त्यात मालक असतो आणि तो काही अटींवर सर्वांना वापराची परवानगी देतो. शेतमालकाने आपल्या शेतातून जायला वाट द्यावी आणि फाटक लावत जा एवढे सांगावे, तसे. लिनक्स त्या प्रकारचे आहे. एसक्यूलाइटमध्ये मात्र मालकच उरलेला नाही. अट नाही, नाव देण्याची सक्ती नाही. इतर सॉफ्टवेअरच्या फाइलींच्या माथ्यावर जिथे कायद्याचा मजकूर असतो, तिथे हिप यांनी वाचणाऱ्यासाठी आशीर्वादाच्या चार शब्दांची भर घातली आहे. हातून चांगले घडो, क्षमा लाभो आणि क्षमा करता येवो, घेण्याहून देणे कमी न पडो, असा त्याचा भाव आहे. ग्रंथ संपताना काही तरी मागायचे ते सर्वांसाठी मागायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

असा आशीर्वाद देणाऱ्याच कंपनीच्या दरपत्रकात सहा हजार डॉलरची एक वस्तू आहे. तिचे नाव आहे वॉरंटी ऑफ टायटल, म्हणजेच हक्काच्या निर्वेधतेची हमी. मुलीच्या टेबलावर आलेला प्रस्ताव हा त्याच वस्तूचा होता.

टायटल क्लिअर आहे का?

हा शब्द वाचताच आम्हाला गृहकर्जाची फाइल आठवली. ज्यांनी घरासाठी कर्ज काढले आहे त्यांना अनुभव असेल. विकणारा सज्जन, घेणारा सज्जन, दोघे एकमेकांना वीस वर्षे ओळखतात, जागा डोळ्यांसमोर उभी आहे. तरीही बँक तिच्या यादीवरच्या वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल मागते. मधल्या काळात ती जागा कुणाच्या नावे होती, वारसांच्या सह्या आहेत का, कुठे बोजा आहे का, हे सगळे पाहून वकील लिहून देतो, तेव्हा फाइल पुढे सरकते. वकिलाची फी कर्जदार भरतो. त्या फीने घराला एक वीट वाढत नाही, तरी ती भरावीच लागते.

कारण साधे आहे. जे आपले नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. विकता येत नाही, तसेच दानही करता येत नाही. एखाद्याने उदारपणे सांगितले की ही विहीर सगळ्या गावाची, पण विहीर निम्मी चुलतभावाच्या हिश्शात असेल, तर त्याच्या उदारपणाने गावाला काही मिळत नाही. उलट, वीस वर्षे पाणी भरल्यावर चुलतभावाचा नातू नोटीस पाठवतो.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा चुलतभाव म्हणजे बहुतेक वेळा नोकरी देणारी कंपनी. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम १७ असे सांगते की नोकरीच्या ओघात, नोकरीच्या कराराखाली केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकर नसून मालक असतो, वेगळा करार नसेल तर. अमेरिकेतही तत्त्व हेच आहे. तेव्हा एखाद्या प्रोग्रामरने, हे मी जगाला दिले, असे म्हटले तरी देण्याचा अधिकार त्याला होता की त्याच्या कंपनीला, हा प्रश्न उरतोच.

हिप यांनी हा प्रश्न सुरुवातीलाच ओळखला, हे त्यांचे खरे शहाणपण. एसक्यूलाइटचा मजकूर सर्वांना खुला आहे, पण त्यात वाटेल त्याला भर घालता येत नाही. ज्यांनी त्यात एक ओळही लिहिली, त्यांनी आणि ते ज्या कंपन्यांत काम करत होते त्या कंपन्यांच्या प्रतिनिधींनीही हक्क सोडत असल्याची प्रतिज्ञापत्रे सही करून दिली आहेत. मूळ प्रती हिप यांच्या कंपनीच्या कार्यालयात अग्निरोधक तिजोरीत ठेवलेल्या आहेत. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या शार्लट शहरात हे कार्यालय आहे. जगाला फुकट वाटलेल्या वस्तूची कागदपत्रे तिजोरीत, हे वाचून आमच्यातला जुना शाखाधिकारी सुखावला. सहा हजार डॉलरमध्ये घेणाऱ्याला सॉफ्टवेअर मिळत नाही, ते त्याच्याकडे आधीच असते. त्या तिजोरीच्या भरवशावर सही केलेला एक कागद त्याला मिळतो. हे सगळे आमचेच होते, आणि ते वापरण्याचा तुम्हाला निर्वेध हक्क आहे, असे कुणीतरी नावानिशी लिहून देतो.

मग विनामूल्य का लिहून देत नाहीत?

हा प्रश्न घरातूनच आला. एवढी उदार माणसे आहेत, तर कागदही फुकट द्यावा.

आम्ही बी.कॉम.ला व्यापारी कायदा शिकलो तेव्हा पहिल्याच धड्यांत एक गोष्ट होती. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मोबदल्याशिवाय केलेला करार, काही अपवाद सोडले तर, शून्य. नुसत्या सदिच्छेने दिलेले वचन कोर्टात उभे राहत नाही. त्यामागे काही तरी द्यावे-घ्यावे लागते. मोबदल्याचे हे तत्त्व आपल्याकडे इंग्लंडच्या कायद्यातून आले आणि अमेरिकेतही ते तिथूनच गेले. म्हणजे पैसे देणे हे इथे वस्तूची किंमत चुकवणे नाही. पैसे दिल्यामुळे समोरच्याच्या बोलण्याला बंधन येते. जे सॉफ्टवेअर आपण फुकट घेतो, त्यासोबत, जसे आहे तसे घ्या, कुठलीही हमी नाही, हे वाक्य बहुधा असतेच. फुकट देणाऱ्याने जबाबदारीही फुकट घ्यावी, ही अपेक्षा रास्त नाही.

आपल्याकडे बक्षीसपत्राचे उदाहरण घ्या. वडिलांनी मुलीला प्रेमाने घर दिले, एक रुपया घेतला नाही. तरी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे ते नोंदणीकृत लेखाने, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशीच व्हावे लागते. त्याला मुद्रांक लागतो, नोंदणीची फी लागते. मुलीने ते दान वडिलांच्या हयातीत स्वीकारावेही लागते. प्रेमाला किंमत नसते, पण दस्तऐवजाला असते. उद्या भावंडांत वाद झाला तर उपयोगी पडतो तो दस्तऐवज.

सगळीकडे हक्क सोडता येतो का?

दुसरे कारण देशोदेशीच्या कायद्यांतले आहे. मी हक्क सोडला, असे म्हटल्याने तो सुटतो का, याचे उत्तर प्रत्येक देशात सारखे नाही. जर्मनीत लेखकाचा मूळ हक्क त्याच्यापासून वेगळा करताच येत नाही. तो वापराची परवानगी देऊ शकतो, वारसांना ठेवू शकतो, पण मालकी हस्तांतरित करू शकत नाही. फ्रान्समध्ये लेखकाचा नैतिक हक्क कायमचा आणि न सोडता येण्याजोगा मानला जातो. अशा देशात माल विकणाऱ्या कंपनीला तिचा वकील विचारणारच, की मालक नाही म्हणता, पण आमच्या कायद्याप्रमाणे मालक आहे, मग त्याची परवानगी कुठे आहे? तिथे परवान्याचा कागद हाच सरळ मार्ग ठरतो. या अडचणीवर उपाय म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००९ साली सीसी झिरो नावाचा दस्तऐवज आणला. त्याची रचनाच अशी, की हक्क सोडता येत असेल तर सोडला, आणि कायद्याने सोडता येत नसेल तर हा बिनशर्त परवाना समजावा.

आपल्याकडे कलम २१ मध्ये हक्क सोडण्याची सोय आहे. ठरावीक नमुन्यात प्रताधिकार निबंधकाला कळवून, किंवा २०१२ च्या दुरुस्तीनंतर जाहीर नोटीस देऊन, कर्त्याला हक्क सोडता येतो. म्हणजे आपल्या कायद्यालाही नुसते तोंडी औदार्य पुरत नाही. त्याला नोटीस हवी.

भीतीचाही धंदा होतो

इथवर वाचून कुणाला वाटेल की आम्ही असले कागद विकत घेण्याची वकिली करत आहोत. तसे नाही. नाण्याची दुसरी बाजूही आमच्या धंद्यातलीच आहे.

२००३ साली अमेरिकेत एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. लिनक्समध्ये आमच्या मालकीच्या युनिक्सचा मजकूर घुसवला आहे, असे तिचे म्हणणे होते आणि मागणी होती एक अब्ज डॉलरची. त्याच वर्षी या कंपनीने लिनक्स वापरणाऱ्यांना परवाने विकायला काढले. दर होता एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलर. अर्थ स्पष्ट होता, की पैसे भरा, नाहीतर पुढचा नंबर तुमचा. २००४ मध्ये तिने लिनक्स वापरणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांवर दावे लावलेही. काही जणांनी घाबरून परवाने घेतले.

पुढे काय झाले? ज्या युनिक्सच्या प्रताधिकारावर हा सगळा डोलारा होता, तो प्रताधिकार एससीओचा नसून नोव्हेल या कंपनीचा आहे, असा निर्णय २००७ मध्ये न्यायाधीशांनी दिला आणि २०१० मध्ये ज्युरीनेही नोव्हेलच्या बाजूने कौल दिला. म्हणजे ज्याचे स्वतःचेच टायटल क्लिअर नव्हते, त्याच्याकडून लोकांनी निर्धास्तपणा विकत घेतला. एससीओने २००७ मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच काळात रेड हॅट, एचपी आणि खुद्द नोव्हेल यांनी आपापल्या ग्राहकांना लिनक्सपोटी संरक्षणाची हमी देऊ केली होती. एकाच सॉफ्टवेअरसाठी दोन प्रकारचे कागद बाजारात होते. एक धमकीचा आणि एक आधाराचा. दोन्हींवर परवाना किंवा हमी असेच शब्द होते.

म्हणून कागद घेताना बँकेत आम्ही जे तीन प्रश्न विचारत असू, ते इथेही लागू पडतात. सही करणाऱ्याला सही करण्याचा अधिकार आहे का? तो अधिकार त्याच्याकडे कसा आला, याचा पुरावा आहे का? आणि वेळ आली तर भरपाई करण्याची त्याची ऐपत आहे का? एसक्यूलाइटच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे उत्तम आहेत. तिसऱ्याचे उत्तर तितके भक्कम नाही, कारण मोजक्या माणसांची ती छोटी कंपनी आहे. एखाद्या महाकाय उद्योगावर शेकडो कोटींचा दावा आला, तर या हमीने तो भागणार नाही. आणखी एक गोष्ट. ही हमी हक्काची आहे, गुणवत्तेची नाही. सॉफ्टवेअरमध्ये चूक निघाली तर या कागदावर भरपाई मागता येत नाही. शोध अहवाल जागेचा हक्क सांगतो, छत गळते की नाही ते सांगत नाही.

हे सगळे मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना कळत नाही, असे नाही. तरी ते घेतात, कारण त्यांचे गणित वेगळे असते. दहा वकिलांनी चार बैठका घेऊन, हे खरोखर मालकहीन आहे का, यावर टिपणी लिहायची म्हटली तर खर्च सहा हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. कर्त्यांनीही, तुमचा कायदा विभाग घ्या म्हणतो, हे एक कारण म्हणून मोकळेपणाने आपल्या यादीत लिहिले आहे. ज्याला गरज नाही त्याने घेऊ नये, हेही ते सांगतात. ६९९ डॉलरच्या परवान्यात आणि या कागदात हा मोठा फरक आहे.

आताच हा प्रश्न का?

हे सारे वीस वर्षांपूर्वीही खरे होते. पण गेल्या चार-पाच वर्षांत त्याला धार आली आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या एका छोट्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये मोठे भोक सापडले. जगभरच्या कंपन्यांची धावपळ उडाली. ते सांभाळणारे मूठभर स्वयंसेवक होते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवलेला आढळला. तो बसवणाऱ्याने दोन-अडीच वर्षे मदतनीस म्हणून काम करून थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता. मायक्रोसॉफ्टमधल्या एका अभियंत्याला आपले यंत्र किंचित मंद का चालते, याची शंका आली म्हणून तो उघडकीस आला. नाहीतर तो जगभरच्या सर्व्हरमध्ये पोहोचला असता.

त्यानंतर सरकारे आणि नियामक जागे झाले. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. आपल्या उत्पादनात दुसऱ्याचे, अगदी विनामूल्य मिळालेले सॉफ्टवेअर वापरणाऱ्या उत्पादकाला त्याची छाननी करावी लागेल आणि जबाबदारी घ्यावी लागेल. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. औषधाच्या वेष्टनावर घटक छापतात, तशीच ही यादी. रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या निर्देशात बँकांना बजावले आहे की तंत्रज्ञानाचे काम बाहेर दिले तरी जबाबदारी बाहेर जात नाही, ती बँकेचीच राहते. अशा वातावरणात तपासनीस विचारतो, हा घटक कुठून आणला, कुणाचा, त्यामागे कोण उभे आहे? इंटरनेटवर मिळाला, हे उत्तर आता चालणार नाही. आमच्या काळी, पार्टी ओळखीची आहे, हे उत्तर हळूहळू चालेनासे झाले, तसेच हे.

यातून पैशाचा दुसराही अर्थ पुढे येतो. थकलेला, एकटा, बिनपगारी सांभाळकर्ता ही आता सगळ्यांचीच जोखीम आहे. एसक्यूलाइटच्या मूळ मजकुराच्या ओळी दीड लाखाच्या आसपास आहेत. तो तपासण्यासाठी लिहिलेल्या चाचण्यांच्या ओळी नऊ कोटींहून अधिक. २०५० पर्यंत आम्ही हे सांभाळू, असे कर्त्यांनी जाहीर केले आहे. हे नुसत्या पुण्याईवर चालत नाही. काही कंपन्या वार्षिक देखभालीची वर्गणी भरतात. २००७ पासून काही मोठ्या संस्थांचा एक गट दरसाल मोठी रक्कम देतो. सुरुवातीला त्यात मोझिला आणि सिम्बियन होते, पुढे ब्लूमबर्गसारखे आले. तांत्रिक निर्णय मात्र मूळ कर्त्यांच्याच हाती राहतात. हक्काची हमी घेणाऱ्यांचे सहा हजार डॉलर याच कामाला हातभार लावतात. ज्यांना कागद हवा ते पैसे देतात, आणि त्यावर उरलेल्या जगाला वही फुकट मिळते.

बडोदेकरांना यात नवल वाटू नये. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर मोफत वाचनालयांची व्यवस्था उभी केली. पुस्तक वाचकाला फुकट होते, पण खर्चाची वाटणी ठरलेली होती. गावच्या लोकांनी एक तृतीयांश उभे करायचे, प्रांत पंचायतीने एक तृतीयांश द्यायचे आणि सरकारने एक तृतीयांश. गावाने आपला वाटा उचलला की वाचनालय उघडे. सर्वांना मोफत म्हणजे कुणीच पैसे भरायचे नाहीत असा अर्थ महाराजांनी कधी घेतला नाही.

आपल्या मंडळापुरते

आता शेवटी ज्यासाठी हा लेख लिहिला ते सांगतो.

आपल्या ग्रंथालयाची सूची, सभासदांची नोंद आणि वर्गणीचा हिशेब ज्या प्रोग्रामवर चालतो, तो आपल्याच एका तरुण कार्यकर्त्याने लिहिला. एक पैसा घेतला नाही. दिवाळीनंतर तो नोकरीसाठी कॅनडाला जात आहे. मंडळाचे हिशेब तपासण्याचे काम आमच्याकडे असल्याने आम्ही त्याला विचारले, "बाबा, पुढे याचं काय?" तो म्हणाला, "काका, वापरा बिनधास्त. ते मंडळाचंच आहे." त्याच्या मनात काही नाही, हे आम्ही जाणतो. पण तो प्रोग्राम त्याने नोकरीत असताना लिहिला, काही भाग कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिला. त्याच्या नेमणूकपत्रात काय कलम आहे ते त्यालाही आठवत नाही. त्याने मित्राकडून घेतलेला थोडा मजकूरही त्यात आहे. उद्या दुसऱ्या कुणाला तो दुरुस्त करायला दिला आणि कुणी विचारले, हे कुणाच्या परवानगीने, तर आपल्याकडे दाखवायला काय आहे? त्याचे एक वाक्य आणि आपला त्याच्यावरचा लोभ.

हीच गोष्ट आपल्या जुन्या स्मरणिकांची. पन्नास वर्षांचे अंक स्कॅन करून या संकेतस्थळावर ठेवायचे ठरले आहे. त्यातले बहुतेक लेखक आपलेच होते आणि त्यांनी प्रेमाने लिहिले. पण कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे असतो. त्यांतल्या कुणाच्या निधनाला अजून तेवढी वर्षे झालेली नाहीत.

तेव्हा कार्यकारिणीपुढे आम्ही तीन सूचना ठेवत आहोत. पहिली, त्या तरुणाने जाण्यापूर्वी एक पानाचे पत्र सही करून द्यावे, शक्य असल्यास त्याच्या कंपनीचे ना-हरकत पत्र जोडावे, आणि मित्राचीही सही घ्यावी. दुसरी, स्मरणिकांतल्या लेखकांच्या किंवा वारसांच्या संमतीचा एक साधा नमुना तयार करून तो घरोघर पोहोचवावा. बहुतेक घरे मंडळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. जिथे संमती मिळेल ते लेख आधी ठेवावेत, बाकीचे थांबावेत. तिसरी, प्रोग्रामच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात दरवर्षी थोडी रक्कम वेगळी ठेवावी. आज काम फुकट होते म्हणून ती शून्य धरू नये.

हे पत्र मागितले तर त्या मुलाला वाईट वाटेल का, असे एका सभासदांनी विचारले. आम्ही त्याच्याशी बोललो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "खरं तर मलाही बरं वाटेल, काका. तिकडे गेल्यावर माझ्या कंपनीने काही विचारलं तर माझ्याकडेही कागद असेल." पत्राचा मसुदा आम्ही केला आहे. तो येत्या रविवारी बैठकीत ठेवू. वाचकांपैकी कुणी वकील असतील, तर त्यांनी त्यावर नजर फिरवून द्यावी ही विनंती. योग्य ती फी मंडळ देईल.